वीस लिटर तुती

"अहो खालचे! ऐकलं का, खालचे!"

रीडरसाहेब मागच्या अंगणात तुतीखाली पडलेला फळांचा सडा झाडत होते. त्यांनी झाडू थांबवला, पण मान वर केली नाही. वरच्या मजल्यावरच्या बाई गॅलरीतून बोलायच्या तेव्हा ऊन बरोबर त्यांच्या मागे असायचं, आणि त्यांच्याकडे बघायचं म्हणजे डोळ्यांतून पाणी काढायचं.

"तुमच्याकडून कसलातरी वास येतोय. आंबूस. काही मेलंबिलं आहे का बघा जरा."

रीडरसाहेबांनी मनातल्या मनात उत्तराची जुळवाजुळव केली. 'मेलं काही नाही. तुतीची वाइन घातली आहे. आमच्या घरी दरवर्षी करायचे. तयार झाली की तुम्हालाही देईन.' उत्तर चांगलं झालं होतं. फक्त ते तयार होईपर्यंत बाई आत निघून गेल्या होत्या आणि गॅलरीचं दारही लागलं होतं.

हे असंच व्हायचं हल्ली. बोलायची सवय मोडली होती.

पाणीखात्यात त्यांनी एकतीस वर्षं मीटर रीडिंग घेतलं. तिथे सगळे त्यांना रीडरसाहेब म्हणत. त्यांनी शहरातल्या हजारो घरांच्या मागच्या बाजू पाहिल्या होत्या, पण पुढच्या खोलीत बसा असं त्यांना फारसं कोणी म्हटलं नव्हतं. त्याचं त्यांना कधी वाईटही वाटलं नाही, कारण संध्याकाळी घरी गेलं की बायको असायची आणि ती दोघांच्या वाटचं बोलायची. ती गेली, मग नोकरी संपली. परगावच्या मुलीने "एवढं मोठं घर तुम्हाला एकट्याला कशाला?" असं म्हणून त्यांना या दोन खोल्या बघून दिल्या. त्याला आता चौदा महिने झाले होते. चौदा महिन्यांत त्यांचं सगळ्यात मोठं संभाषण दूधवाल्याशी झालं होतं. तेही दूधवाल्याने दुसऱ्याच कोणालातरी करायचा फोन चुकून त्यांना लावला म्हणून.

या घराच्या मागे मात्र तुतीचं झाड होतं, आणि यंदा ते वेड्यासारखं लागलं. फरशी जांभळी, झाडू जांभळा, रीडरसाहेबांच्या टाचा जांभळ्या. एवढी फळं वाया जाताना बघवेना. मग त्यांना आठवलं की बायको दरवर्षी वाइन घालायची. कधी द्राक्षांची, कधी पेरूची, एकदा तर बिटाचीसुद्धा. अडचण इतकीच होती की या सगळ्या कामात रीडरसाहेबांकडे एकच खातं असायचं, बरणी तिरकी धरण्याचं. ती काय घालते, किती घालते, नंतर काय करते, हे त्यांनी कधी पाहिलंच नव्हतं. तिसऱ्या-चौथ्या दिवशी ती बरणीला कान लावायची आणि म्हणायची, "झाली बघा बोलायला." तेवढं त्यांच्या लक्षात होतं.

त्यांनी झाडाखाली चादर अंथरली, फांद्या हलवल्या, नऊ किलो तुती गोळा केली. धुतली, हाताने चुरली. साखर, उकळून गार केलेलं पाणी आणि बेकरीवाल्याकडचं यीस्ट असं सगळं मिळून त्यांनी वीस लिटरच्या काचेच्या बरणीत भरलं. वर फडकं बांधलं आणि बरणी स्वयंपाकघरात न ठेवता पुढच्या खोलीत, दाराशेजारी, आपल्या खुर्चीच्या हाताशी ठेवली.

चौथ्या दिवशी ती बोलायला लागली.

गुडूक. थांबून गुडूक, गुडूक. रीडरसाहेब खुर्चीत ताठ बसले. चौदा महिन्यांत त्या खोलीत त्यांच्याशिवाय दुसऱ्या कोणाचा आवाज झाला नव्हता. त्यांनी घड्याळ लावून मोजलं, मिनिटाला बेचाळीस. जुन्या सवयीने वहीत तारीख, वेळ आणि रीडिंग लिहिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी चहाचा कप घेऊन खुर्चीत बसताना त्यांच्या तोंडून सहज निघून गेलं, "काय, झाली का झोप?"

"गुडूक," बरणी म्हणाली.

आणि आता हा वास.

वरच्या बाईंना त्रास नको म्हणून रीडरसाहेबांनी फडकं काढून बरणीचं आट्यांचं झाकण हलकेच बसवलं. वास कमी झाला. पण दोन दिवसांत बरणीही मंदावली. आधी एकोणीस, मग अकरा, मग सहा. नवव्या दिवशी दुपारी ते तासभर कान देऊन बसले तेव्हा तिने कसेबसे दोन शब्द उच्चारले. रीडरसाहेबांना जेवण गेलं नाही. काय कमी पडलं असेल याचा विचार करता करता त्यांच्या लक्षात आलं की साखर पडली तेव्हाच ती बोलायला लागली होती. मग त्यांनी आणखी दोन किलो साखर घातली. वर अर्धी पुडी यीस्ट.

संध्याकाळी रीडिंग साठाच्या वर गेलं. रीडरसाहेब इतके खुश झाले की त्यांनी तिला पाणीखात्यातल्या जुन्या साहेबाची आख्खी गोष्ट सांगितली, आणि बरणीने योग्य त्या ठिकाणी दाद दिली.

सकाळी पाहतात तो झाकणाच्या कडेने लालसर ओघळ आलेला. खाली फरशीवर रुपयाएवढं थारोळं. आणि वास तर होताच.

आता दुसरा कोणी असता तर त्याने ओघळ पुसून सोडून दिलं असतं. पण रीडरसाहेब एकतीस वर्षं पाणीखात्यात होते. गळती ही गोष्ट त्यांनी कोणाच्या घरात खपवून घेतली नव्हती, ती स्वतःच्या घरात घेणार? त्यांनी पलंगाखालची हत्यारांची पेटी ओढली, मोठा पाइपपाना काढला, बरणी दोन गुडघ्यांत धरली आणि झाकण असं आवळलं की पाना मारताना त्यांच्या तोंडून हुंकार निघाला. मग झाकणाभोवती बोट फिरवून पाहिलं. कोरडं ठणठणीत.

बरणी गप्प झाली.

ती दिवसभर गप्प राहिली. "रागावलीस का?" असंही त्यांनी विचारून पाहिलं. दुसऱ्या दिवशी साडेदहाला न राहवून त्यांनी मुलीला फोन लावला.

"बाबा? काय झालं? बरे आहात ना?" मुलगी घाबरलीच. ते आपण होऊन कधी फोन करत नसत.

"मी बरा आहे. बरणी बोलत नाही."

"कोण बोलत नाही?"

रीडरसाहेबांनी सगळं सांगितलं. सांगताना त्यांना मजा येत होती. झाकण कसं बसवलं ते तर त्यांनी रंगवून सांगितलं.

"बाबा, आतला गॅस बाहेर कुठून जातो?"

"जातच नाही!" रीडरसाहेब अभिमानाने म्हणाले. "मुंगीच्या श्वासाएवढी हवा जात नाही."

"बाबा! आई त्याला नळी लावायची! गॅस जायला! उघडा ते आधी. हळूच उघडा."

रीडरसाहेबांनी फोन खुर्चीवर ठेवला आणि झाकणाला हात घातला. हलेना. पाना लावला. हलेना. झाकणाचा वरचा पत्रा फुगून उलट्या बशीसारखा झाला होता. "निघत नाही गं," ते फोनकडे तोंड करून ओरडले. "पट्ट्याचा पाना लागेल. दुकानातून घेऊन येतो." टोपी डोक्यावर घातली, लॅचचं दार ओढून घेतलं आणि निघाले. खुर्चीवरचा फोन "बाबा, बाबा" करत राहिला.

हार्डवेअरवाला सज्जन होता, पण त्याचा पट्ट्याचा पाना माळ्यावर होता आणि माळ्याची शिडी कोणीतरी नेली होती. शिडी परत येईपर्यंत रीडरसाहेब पाऊण तास स्टुलावर बसले. परत यायला बारा वाजले.

वळणावरूनच त्यांना आपल्या दारापुढची गर्दी दिसली. पंधरा-वीस माणसं. इतकी माणसं त्यांच्या दारात कशाला येतील, म्हणून त्यांना आधी वाटलं की आपणच चुकून दुसऱ्या गल्लीत आलो. मग त्यांनी दाराखालून निघून दोन पायऱ्या उतरून गटाराकडे चाललेला लाल ओघळ पाहिला. फुटली.

गर्दीच्या मागे समोरच्या दुकानातला शिंपी उभा होता. गळ्यात टेप तशीच.

"काय झालं?" रीडरसाहेबांनी विचारलं.

"गेले," शिंपी हळू आवाजात म्हणाला.

"कोण?"

"इथले. एकटेच असायचे. अकराच्या सुमाराला आतून धाड करून आवाज आला. माझ्या हातातली सुई बोटात गेली, हे बघा. आणि नंतर हे रक्त. चौकीवर फोन केलाय, हवालदार येतायत."

रीडरसाहेबांनी सांगायला तोंड उघडलं. पण तेवढ्यात घरातून फोनची घंटा ऐकू आली. वाजली, वाजली, थांबली. पुन्हा वाजायला लागली.

"सारखा वाजतोय हो," पुढे उभ्या असलेल्या वरच्या बाई म्हणाल्या आणि त्यांनी पदर डोळ्यांना लावला. "असेल कोणीतरी लेकीसुनेचा. आणि उचलायला कोणी नाही. परवाच मी त्यांना टाकून बोलले, वास येतोय म्हणून. एका शब्दाने उलट बोलले नाहीत! इतका शांत माणूस. आणि मी चौदा महिन्यांत एकदा विचारलं नाही, की बाबा रे, तू जेवलास का?"

आणि त्या खरोखर रडायला लागल्या.

रीडरसाहेबांनी उघडलेलं तोंड मिटलं. आपल्यासाठी कोणी रडत असताना मध्येच 'मी इथे आहे' असं म्हणणं त्यांना फार उद्धटपणाचं वाटलं. बाईंचं रडणं आटोपलं की सांगू, असं त्यांनी ठरवलं. पण बाईंचं आटोपायच्या आत शिंप्याला भरून आलं.

"समोर दुकान माझं," तो म्हणाला. "मशीनवर मान खाली असते, त्यामुळे मला ते गुडघ्यापर्यंतच माहीत. पण चाल काय होती! कधी पाय घासला नाही की घाई केली नाही. असा माणूस मिळत नाही."

"नाहीच मिळत," तिसऱ्या मजल्यावरच्या सिस्टर म्हणाल्या. त्या दवाखान्यातून रात्रपाळी करून आल्या होत्या आणि झोपेतून उठून, सपाता उलट्या घालून खाली धावल्या होत्या. "पाण्याची टाकी भरली की मोटर कोणीतरी गुपचूप बंद करायचं. तेच असणार."

तेच होते. कोणाच्या हे लक्षात आलं असेल असं रीडरसाहेबांना कधी वाटलं नव्हतं. त्या गर्दीतलं दुसरं कोणी गेलं असतं तर आपणही असेच रडलो असतो, असं त्यांच्या मनात आलं.

हवालदार आले. घाम पुसत त्यांनी ओघळाकडे पाहिलं, दाराला कान लावला आणि वही काढली.

"मयताला जवळून ओळखणारं कोण आहे?"

सगळे एकमेकांकडे पाहायला लागले. कोणीच पुढे येत नाही हे रीडरसाहेबांना बघवेना. "मी," ते म्हणाले. "तसा थोडाफार."

"चला, एक तरी निघाला. शेवटचं कधी पाहिलं त्यांना?"

"आज सकाळी," रीडरसाहेब प्रामाणिकपणे म्हणाले. "दाढी करताना."

"दाढी तुम्ही करायचा त्यांची?"

"हो. रोज."

"न्हावी," हवालदारांनी वहीत लिहिलं. "काही चिंतेत होते?"

"होते थोडे. कोणी बोलायला नव्हतं."

गर्दीतून एक उसासा निघाला. वरच्या बाईंचा पदर पुन्हा डोळ्यांकडे गेला.

"मी काय म्हणतो," रीडरसाहेबांनी धीर केला, "दार किल्लीने उघडलं तर..."

"किल्ली आत मयतापाशी. तुम्ही बाजूला या बघू. नाही, थांबा. खांदा बरा दिसतोय तुमचा. इकडे या. शिंपीदादा, तुम्ही डावीकडून. एक, दोन..."

रीडरसाहेब खरं तर पुन्हा एकदा सांगणार होते. खिशातल्या किल्लीवर त्यांचा हातही गेला होता. पण तीन म्हटल्याबरोबर एका बाजूने हवालदार आणि दुसऱ्या बाजूने शिंपी असे तिघे मिळून दारावर आदळले, आणि कोणाच्यातरी खांद्याला खांदा लावून काही करण्याचा प्रसंग त्यांच्यावर इतक्या वर्षांनी आला होता की त्यांनी जीव तोडून जोर लावला. दुसऱ्या धडकेला बिजागरी सुटली. तिसरीला दार पाटीसकट आत गेलं.

खोलीचा खाटीकखाना झाला होता. भिंती लाल, छत लाल, पंख्याच्या पात्यांवरून थेंब ठिबकतायत. काचा सगळीकडे. खुर्ची मात्र रिकामी, आणि खुर्चीवर तो फोन वाजतोय.

हवालदारांनी पलंगाखाली पाहिलं. मोरीत पाहिलं. कपाट उघडलं. "मयत कुठे गेला?" ते स्वतःशीच म्हणाले.

सिस्टरनी भिंतीवरून एक बोट फिरवलं, नाकाशी नेलं, आणि सगळे 'अहो, अहो' करेपर्यंत जिभेला लावलं.

"हे रक्त नाही. तुती आहे," त्या म्हणाल्या. मग पुन्हा एकदा बोट चाटलं. "साखर जास्त झालीय."

"तुती?" हवालदारांचा चेहरा उतरला. "मग मला रिपोर्टमध्ये काय लिहायचं? ओ न्हावी, तुम्ही साक्षीदार ना? नाव सांगा."

रीडरसाहेबांनी नाव सांगितलं.

हवालदारांनी दारावरच्या पाटीकडे पाहिलं. दारासोबत पाटीही आता आडवी पडली होती. "मयताचं नाही हो विचारलं. तुमचं सांगा."

"दोन्ही एकच आहे," रीडरसाहेब खालमानेने म्हणाले.

हवालदारांनी एकदा पडलेल्या पाटीकडे आणि एकदा त्यांच्याकडे पाहिलं.

"कशावरून?" त्यांनी विचारलं.

"थांबा," वरच्या बाई म्हणाल्या. "मी वरून बघते." आणि कोणी काही म्हणायच्या आत त्या जिना चढून गेल्या. हवालदारांनी रीडरसाहेबांना मागच्या अंगणात नेऊन तुतीखाली उभं केलं. गॅलरीतून बाईंचा आवाज आला, "टोपी काढायला सांगा!"

रीडरसाहेबांनी टोपी काढली.

"तेच!" बाई ओरडल्या. "तेच टक्कल! मधे तो डाग आहे बघा! खालचेच आहेत हो!"

"चपला पण त्याच," शिंपी खाली बघत म्हणाला.

यानंतर अर्धा तास सगळ्यांनी मिळून रीडरसाहेबांना झापलं. हवालदारांनी वहीतली दोन पानं फाडली. सिस्टरनी त्यांची नाडी पाहिली आणि मग रागावल्या. बाई जिन्यावरूनच सुरू झाल्या, "मी रडत होते तेव्हा तुम्ही मागे उभे होता? आणि ऐकत होता? लाज नाही वाटली?"

"वाटली," रीडरसाहेब म्हणाले. "पण तुम्ही फार चांगलं बोलत होता."

बाईंनी कोपऱ्यातला जांभळा झाडू उचलला. शिंप्याने दुकानातून चिंध्यांचं गाठोडं आणलं. पुन्हा फोन वाजला तेव्हा रीडरसाहेबांनी तो उचलला. पलीकडून मुलगी रडत ओरडत होती, "कुठे होतात बाबा तुम्ही? तासभर फोन करतेय!"

"घरीच," ते म्हणाले. "जरा पाहुणे आलेत. नंतर बोलतो."

मुलीचा फोन 'नंतर बोलतो' म्हणून त्यांनी आपणहून ठेवला, असं प्रथमच घडलं.

वाइन एक घोटही उरली नाही. भिंतींचा रंग तीन वेळा धुऊनही फिका गुलाबी राहिला तो राहिलाच. दार मात्र पार कामातून गेलं होतं. सुतार येऊन माप घेऊन गेला. तोपर्यंत त्या भगदाडाला पडदा लावला होता, पण पडदा काही कोणाला अडवत नाही. जाता-येता माणसं डोकावायला लागली. सकाळी शिंपी दुकान उघडण्याआधी "आहात ना?" म्हणून आत यायचा आणि चहा पिऊन जायचा. सिस्टर ड्यूटीवरून परतताना न विचारता नाडी बघायच्या. वरच्या बाईंना आपल्या स्वयंपाकघरापेक्षा इथे वारा बरा लागतो असा शोध लागला, आणि त्या मटार सोलायला खालीच येऊन बसायला लागल्या. एकदा सोललेले मटार विसरून गेल्या, ते घ्यायला पुन्हा आल्या आणि बोलत बसल्या, तेव्हा पुन्हा विसरल्या. त्या बोलत राहायच्या. रीडरसाहेबांना आता उत्तर द्यायला पूर्वीइतका वेळ लागत नसे.

चौथ्या दिवशी सुतार हातगाडीवर दार घेऊन आला. त्याने ते चौकटीत उभं करून पाहिलं. तसूभरही फट नव्हती. उघडलं, लावलं. आवाजही नाही.

"बघा साहेब. असं काम मिळायचं नाही. लावून टाकू?"

रीडरसाहेब दाराभोवती दोनदा फिरले. बोटाने कड तपासली. आत खुर्चीवर बाई मटारांचं ताट मांडीवर घेऊन, रागावून शिंप्याला काहीतरी समजावून सांगत होत्या, आणि शिंपी चहा फुंकत ते ऐकत होता.

"नको," रीडरसाहेब म्हणाले. "रंग पसंत नाही."

सुतार चक्रावला. "रंग? अहो, रंग अजून लावलाच नाहीये साहेब."

"मी तेच म्हणतोय," रीडरसाहेब आवाज खाली आणून म्हणाले. "घेऊन जा. रंग लावा. तीन हात द्या. आणि वाळायला चांगला महिनाभर ठेवा."